एक बाजू, एक बैठक: दोघांनी मिळून जुन्या अल्बमांची यादी ऐकायची कशी

गाजलेल्या अल्बमांची यादी नवरा-बायकोने ऐकायला घेतली की पहिले दोन-तीन अल्बम उत्साहात जातात, मग कुठेतरी घोडे अडते. बहुतेक वेळा गाणी चांगलीच असतात, माप चुकलेले असते. खेड्यातल्या घरात दोघांना एकाच वेळी सलग पाऊण तास मोकळा मिळणे कठीण. साडेआठला लाइन जाते, चुलीवर दूध असते, कोणीतरी दारात येऊन हाक मारते. अल्बम मधातच तुटतो, दुसऱ्या दिवशी ‘काल कुठवर आलो होतो’ यावर वाद होतो आणि तिसऱ्या दिवशी ऐकणे राहूनच जाते.

उपाय अल्बमच्या घडणीतच आहे. १९४८ साली कोलंबिया कंपनीने मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची लाँग प्ले (एलपी) तबकडी बाजारात आणली. बारा इंची तबकडीच्या एका बाजूवर साधारण २० ते २५ मिनिटे मावतात. १९८२ मध्ये सीडी येईपर्यंत बहुतेक अल्बम याच मापात रचले गेले. पहिली बाजू कुठे संपवायची आणि दुसरी कशाने उघडायची हे विचार करून ठरवले जाई, कारण ऐकणारा मधे उठून तबकडी उलटणार हे करणाऱ्यांना ठाऊक होते. म्हणून एक बैठक म्हणजे एक बाजू. मंगळवारी पहिली, शुक्रवारी दुसरी, आठवड्याला एक अल्बम. वीस मिनिटे कोणत्याही घरात निघतात.

आठवड्याला एक हे माप मराठी कानाला नवेही नाही. ‘गीतरामायण’ १९५५-५६ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून आठवड्याला एक गीत याच चालीने पोचले. त्या वर्षी अधिक महिना होता, म्हणून गीते ५२ ऐवजी ५६ झाली.

यादी छाटणे

रोलिंग स्टोन या अमेरिकी मासिकाची ५०० अल्बमांची यादी सगळ्यात जास्त फिरते. २००३ साली तिच्यात पहिला नंबर बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’चा होता, २०२० च्या यादीत तो मार्विन गेच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’कडे गेला. सतरा वर्षांत पहिला नंबरच बदलतो, तर तिचे वरून खालपर्यंत पारायण कशाला? शिवाय या यादीत आपल्याकडचे संगीत जवळपास नाहीच. तेव्हा तिच्यातून उचलायचे आणि आपले त्यात मिसळायचे.

आकडा आधी ठरवा, नावे मागाहून. वर्षाचे ५२ आठवडे असले तरी शेती असलेल्या घरात ते सगळे हाती नसतात. मृगाच्या पेरणीचे तीन आठवडे सोडा. सोयाबीनच्या सोंगणीपासून दिवाळीपर्यंतचे चार, गणपती आणि देवी मिळून तीन, लग्नसराईचे चार, भागवत सप्ताह आणि दुखण्याखुपण्याचे दोन. उरले ३६. बारा अल्बम तिने निवडायचे, बारा त्याने, बारा दोघांनी मिळून. आणि हे शेवटचे बारा शक्यतो आपल्याकडचे असू द्या. वर्षभरात प्रत्येकाला तीन वेळा ‘हा नको’ म्हणायची मुभा, तीही पहिली बाजू पूर्ण ऐकल्यावरच. नाव पाहून नकार देता येत नाही. ही अट मोडली की यादी एकाच्याच आवडीची होते, दुसरा नुसता सोबतीला बसतो.

बाजू कुठे संपते

मोबाइलवर बाजू दिसत नाही, सगळी गाणी एकाखाली एक येतात. त्यामुळे कितव्या गाण्यानंतर थांबायचे हे वहीत आधीच लिहून ठेवावे लागते. सुरुवातीला घ्यावेत असे काही अल्बम, ज्या क्रमाने कानाला सोपे जातील त्या क्रमाने:

- ‘कॉल ऑफ द व्हॅली’ (१९६७). शिवकुमार शर्मांचे संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार. काश्मिरातल्या मेंढपाळाचा दिवस, पहाटेच्या अहिर भैरवापासून रात्रीच्या पहाडीपर्यंत. पिलू संपला की थांबा. भूप, देस आणि पहाडी दुसऱ्या बैठकीला. पुढच्या आवृत्त्यांत मागाहून जोडलेले तुकडे आहेत, पहाडीनंतर बंद करा.
- ‘काइंड ऑफ ब्लू’, माइल्स डेव्हिस (१९५९). पाच तुकडे, तीन अधिक दोन. शब्द नाहीत, म्हणून इंग्रजीची अडचण नाही.
- ‘एक्सोडस’, बॉब मार्ले (१९७७). पाच अधिक पाच. पहिली बाजू देवाधर्माची आणि अन्यायाची, दुसरी प्रेमाची आणि नाचाची. दोन्ही एका दमात ऐकली तर हा फरक हातून निसटतो.
- ‘थ्रिलर’, मायकल जॅक्सन (१९८२). चार अधिक पाच. पहिल्या बाजूच्या शेवटच्या गाण्यात दार करकरते आणि लांडगा ओरडतो. छपरीत मोठ्याने लावाल तर गल्लीतली कुत्री साथ देतील.
- ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ (१९७१). सहा अधिक तीन. गाणी एकमेकांत गुंतलेली आहेत, मधे थांबवू नका.
- ‘द डार्क साइड ऑफ द मून’, पिंक फ्लॉइड (१९७३). पाच अधिक पाच. पहिले अर्धे मिनिट इतके हळू की आवाज वाढवण्याचा मोह होतो. वाढवू नका, पुढे चौथ्या गाण्याच्या सुरुवातीला ढीगभर घड्याळांचे गजर एकदम वाजतात आणि पाळण्यातले लेकरू उठते.
- ‘अॅबी रोड’, बीटल्स (१९६९). सहा अधिक अकरा. पहिली बाजू शेवटी सुरीने कापल्यासारखी तुटते. लाइन गेली नाही, मोबाइलही अडकला नाही, ते तसेच आहे. दुसऱ्या बाजूला शेवटून दुसरे गाणे संपल्यावर सुमारे १४ सेकंद शांतता आणि मग एक छोटेसे गाणे. तेवढे थांबा.

गाण्यांची संख्या जुळली नाही तर ती वाढवलेली आवृत्ती समजा. ‘डिलक्स’ असे लिहिलेल्या आवृत्तीत शेवटी राहून गेलेली, अर्धवट, पुन्हा-पुन्हा गायलेली गाणी जोडलेली असतात. ती अभ्यासाला ठीक, पण अल्बमचा शेवट बिघडवतात. मूळ गाण्यांची वेगळी प्लेलिस्ट करा. यूट्यूबवर कोणी ‘पूर्ण अल्बम’ म्हणून टाकलेले असते त्यात क्रम बदललेला किंवा वेग वाढवलेला असू शकतो. एकूण वेळ ताडून पाहा. ‘थ्रिलर’ ४२ मिनिटांचा आहे, ‘डार्क साइड’ ४३. दोन-तीन मिनिटांचा फरक दिसला तर सोडून द्या.

पेटी काढा

‘काइंड ऑफ ब्लू’ पुष्कळांना कोरडा वाटतो, जॅझ म्हणजे आपले काम नव्हे असे वाटून मागे राहतो. घरी किंवा भजनी मंडळात पेटी असेल तर हे पाच मिनिटांत सुटते. पांढरी दोनला सा धरा आणि वर फक्त पांढऱ्या पट्ट्या दाबत जा. कोमल गंधार, कोमल निषाद, म्हणजे काफी थाटाचे सूर. पहिल्या तुकड्याचा सगळा पाया एवढाच. चार-चार मात्रांची १६ आवर्तने या सुरांत, मग ८ आवर्तने सगळेच्या सगळे अर्धा सूर वर, म्हणजे काळी दोनच्या सा वर, आणि पुन्हा ८ आवर्तने खाली पांढरी दोनला. एकूण ३२. हाच गाडा शेवटपर्यंत फिरतो आणि वादक त्यावर आळीपाळीने बढत करतात. एकाने बोटांवर आवर्तने मोजायची, दुसऱ्याने सा बदलला की हात वर करायचा. दोन-तीन फेऱ्यांत जमते, आणि त्यानंतर हा अल्बम कोरडा राहत नाही.

पेटी थोडी बेसूर लागली तर दोन कारणे. एक, पेटीच उतरलेली. दुसरे जास्त मजेदार: २ मार्च १९५९ रोजी, ज्या दिवशी पहिल्या बाजूचे तिन्ही तुकडे मुद्रित झाले, त्या दिवशी मुख्य टेप यंत्र किंचित हळू फिरत होते. त्यामुळे तबकडीवर ते तिन्ही चढ्या सुरात आले आणि कित्येक वर्षे जगाने ते तसेच ऐकले. १९९० च्या दशकापासूनच्या आवृत्त्यांत ते दुरुस्त झाले आहे. पहिली बाजू पेटीशी जुळत नाही पण दुसरी जुळते, असे झाले तर तुमच्याकडे जुनी प्रत आहे.

मोबाइलमधली पाच बटणे

शफल, म्हणजे गाणी उलटसुलट क्रमाने लावणे, बंद. हे सांगायची गरज नसावी, पण निम्मी भांडणे यातूनच. ऑटोप्ले बंद, नाहीतर अल्बम संपता संपता भलतेच गाणे सुरू होते. क्रॉसफेड (एक गाणे विरता विरता दुसरे सुरू होणे) शून्यावर आणि गॅपलेस (मधे फट न पडता वाजणे) चालू, कारण ‘डार्क साइड’ आणि ‘व्हॉट्स गोइंग ऑन’मध्ये गाण्यांच्या मधे फट नाही, क्रॉसफेड असेल तर सांधे एकमेकांवर चढतात, गॅपलेस नसेल तर दर गाण्याला उचकी लागते. इक्वलायझरमधला बास बूस्ट, म्हणजे खर्जाचा आवाज फुगवणारे बटण, बंद. पाचवे ‘डू नॉट डिस्टर्ब’, वीस मिनिटांसाठी. मोफत खात्यात मधे जाहिराती येतात आणि बाजू तुटते. यादी खरेच वर्षभर चालवायची असेल तर एका खात्याचे पैसे भरणे परवडते.

नेटवर्कच्या भरवशावर बसू नका, अल्बम आधी उतरवून ठेवा. हिशेब सोपा: ३२० केबीपीएस या आवाजाच्या दर्जाला मिनिटाला २.४ एमबी, म्हणजे ४० मिनिटांचा अल्बम साधारण १०० एमबी. १६० ला त्याच्या निम्मे. दीड जीबीच्या रोजच्या पॅकमध्ये महिन्याचे चार अल्बम बाजाराच्या दिवशी तालुक्याला चहा पिता पिता उतरतात. स्पॉटिफायवर उतरवलेली गाणी टिकवायला ३० दिवसांतून एकदा तरी नेट जोडावे लागते, नाहीतर ऐन बैठकीला ती वाजत नाहीत.

आवाज आणि खोली

एकच इअरफोन दोघांत वाटून घेणे दिसायला छान, पण यात सगळ्यात मोठी फसगत आहे. १९६० च्या दशकातल्या अनेक स्टिरिओ मुद्रणांत गायन एका कानाला आणि ड्रम-गिटार दुसऱ्या कानाला ठेवलेले आहेत. म्हणजे तिला नुसते गाणे, त्याला नुसता ठेका, आणि नंतर दोघे दोन वेगळ्या अल्बमांवर वाद घालतात. मोबाइलच्या सेटिंगमध्ये अॅक्सेसिबिलिटीखाली ‘मोनो ऑडिओ’ असते, ते चालू करा. दोन्ही कानांना सगळे येते. त्याहून बरे म्हणजे एका पिनेतून दोन इअरफोन जोडणारी वायर, मोबाइल शॉपीत मिळते. आवाज थोडा उतरतो, तेवढा वाढवून घ्या. सासू-सासरे शेजारच्या खोलीत झोपलेले असतील तर हाच मार्ग.

स्पीकर लावायचे तर दोन असावेत आणि एकमेकांपासून पाच-सहा फूट. दोघांनी मधल्या रेषेवर बसायचे, एक पुढे, एक मागे. शेजारी-शेजारी बसलात तर प्रत्येकाला आपल्या बाजूचाच स्पीकर जास्त ऐकू येतो. तसे बसायचेच असेल तर अल्बमची दुसरी बाजू लावताना जागा बदला. खाली बसून ऐकत असाल तर स्पीकर स्टुलावर, कानाच्या उंचीला. मागच्या भिंतीपासून वीतभर पुढे. कोपऱ्यात सरकवला की बास फुगतो. उन्हाळ्यात अंगणात बाजेवर ऐकताना मात्र याच्या उलट करा: उघड्यावर बास विरून जातो, तेव्हा स्पीकर घराच्या भिंतीला टेकवून ठेवा.

टिनाच्या खोलीत बास लागला की पत्रा थरथरतो आणि मांडणीवरची ताटे झणझणतात. ‘एक्सोडस’ लावून एकाने खोलीत फिरावे, काय वाजते ते शोधावे आणि त्याखाली फडके घालावे. भिंतीवर एखादी जाड गोधडी टांगली तर घुमणे बरेच कमी होते. कवेलूच्या, मातीच्या भिंतींच्या घराला हा त्रास फारसा नाही. जुनी घरे या बाबतीत नशीबवान. लोट्यात मोबाइल ठेवून आवाज मोठा करण्याची युक्ती भजनाला चालून जाते, अल्बमला नाही. मधले सूर फुगतात, बाकी सगळे बुडते.

वायर लावलेल्या स्पीकरमधून सारखी घूंऽ येत असेल तर मोबाइलचा चार्जर काढून पाहा. बहुतेक वेळा तिथेच थांबते.

बैठक

वेळ सामुदायिक प्रार्थना आटोपल्यावर आणि टीव्हीवरच्या मालिका संपल्यावर धरा, म्हणजे साडेनऊच्या पुढे. चहा आधी घ्या. फुटाणे-मुरमुरे नंतर, ‘काइंड ऑफ ब्लू’ची सुरुवात पियानो आणि बास या मोठ्या तंतुवाद्याच्या कुजबुजीची आहे, तिथे मुरमुरा फुटला तर तोच ऐकू येतो. आवाज सुरुवातीवरून ठरवू नका. याच तुकड्यात दीड मिनिटाच्या आसपास झांज जोरात पडते, ती सोसवेल इतकाच ठेवा.

वीस मिनिटे बोलायचे नाही. बाजू संपली की दोघांनी वेगवेगळे, एकमेकांना न दाखवता, वहीत दोन ओळी लिहायच्या: कोणते वाद्य किंवा कोणता आवाज लक्षात राहिला, आणि कुठे लक्ष उडाले. मग वाचून दाखवायचे. दहापैकी गुण देणे पहिल्या फेरीत टाळा. गुण आले की बोलणे संपते: तिचे चार, त्याचे आठ, आणि मग दोघेही आपापल्या आकड्याला चिकटून राहतात. त्यापेक्षा ‘काहो, मधात ते घुमत होतं ते काय होय?’ असा प्रश्न जास्त दूर नेतो. उत्तर येत नसेल तर ती जागा पुन्हा लावा. ‘मले नाई जमलं’ हेही चालते, फक्त कोणत्या गाण्याला ते सांगावे लागते.

दुसऱ्यांदा ऐकणे तीन दिवसांच्या आत, काम करता करता. निवडणे, टिपणे, वावरातून येणे-जाणे, कशातही. पहिल्यांदा परके वाटलेले दुसऱ्यांदा ओळखीचे होते, हा कानाचा साधा स्वभाव आहे. त्यानंतर वहीत तीनपैकी एक शेरा: पुन्हा, कधीतरी, पुरे. रात्री ओलिताला गेल्यावर मात्र दोन्ही कानांत बोळे घालू नका. एक कान पाण्याला, सापाला आणि रानडुकरांना मोकळा ठेवावा.

शब्द कळत नाहीत तेव्हा

पहिल्यांदा ऐकताना शब्द पाहू नका, दुसऱ्यांदा ऐकताना अॅपमध्ये उघडा. यंत्राने केलेला मराठी अनुवाद हास्यास्पद असतो, पण विषय कळण्यापुरता पुरतो. सगळ्याच अल्बमांना याची सारखी गरज नाही. ‘थ्रिलर’ शब्दांवाचून पार पडतो. ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ला निदान एवढे हवे की व्हिएतनामच्या लढाईतून घरी परतलेल्या माणसाच्या नजरेने ही गाणी लिहिलेली आहेत. जोनी मिशेलचा ‘ब्लू’ (१९७१, पाच अधिक पाच) जवळपास पूर्ण शब्दांवर उभा आहे, साथ अगदी मोजकी. तो यादीत उशिरा घ्या, पंधरवड्याभरात चार बैठका द्या, आणि इअरफोनवरच ऐका.

हंगाम

भारी, लांब अल्बम थंडीत ठेवा. कूलर बंद, पंखा बंद, रात्री शांत. कापसाची वेचणी चालू असली तरी संध्याकाळ लवकर होते. एप्रिल-मेमध्ये कूलरची घरघर हळू आवाजाचे सगळे गिळते, तेव्हा ठेक्याचे अल्बम घ्या किंवा रात्री दहानंतर अंगणात बसा. पावसात टिनाखाली काहीच ऐकू येत नाही. तो काळ इअरफोनचा. सप्ताहात भोंगा लागलेला असेल तर बैठक पुढे ढकला, वर आवाज चढवून चालत नाही.

दुहेरी अल्बमला दोन आठवडे. स्टीव्ही वंडरचा ‘साँग्ज इन द की ऑफ लाइफ’ (१९७६) दोन तबकड्यांचा, वर चार गाण्यांची छोटी तबकडी, एकूण २१ गाणी. त्याला पाच बैठका धरा आणि तो संक्रांतीच्या आसपास टाका.

घरात जुना टेप असेल तर

कॅसेट बाजूंच्या हिशेबाला सगळ्यात सोयीची, ती आपोआप थांबते. सी-६० ची एक बाजू ३० मिनिटे, सी-९० ची ४५. एक लक्षात ठेवा: छापील कॅसेटवर दोन्ही बाजू सारख्या लांबीच्या व्हाव्यात म्हणून काही वेळा गाण्यांचा क्रम एलपीपेक्षा बदललेला असतो. वहीशी ताडून घ्या.

वर्षानुवर्षे पडून असलेली कॅसेट एकदम वाजवू नका. एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे गुंडाळा, म्हणजे फीत सुटी होते आणि ताण सारखा बसतो. आवाज बुजलेला आला तर आधी हेड पुसा: कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल, काडी तपकिरी यायची थांबेपर्यंत, रबरी रोलरही त्याच काडीने. तरीही बुजलेला असेल तर कॅसेटच्या तोंडाशी असलेला स्पंजाचा छोटा तुकडा पाहा. तो गळून पडला की फीत हेडला टेकत नाही. दुसऱ्या निकामी कॅसेटचा काढून बसवता येतो. आवाज लहरत असेल, सूर वर-खाली होत असतील, तर यंत्रातला पट्टा सैल झाला आहे. तो बदलल्याशिवाय चांगली कॅसेट आत घालू नका, गुंडाळून खाईल. फीत बाहेर आलीच तर ओढू नका. झाकण उघडे ठेवून, दाते असलेल्या चाकात पेन्सिल घालून हळूहळू आत घ्या.

कॅसेट आणि तबकड्या टिनाखालच्या माळ्यावर ठेवू नका. तबकडीचे प्लॅस्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडते आणि मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत किंवा तापलेल्या पत्र्याला लागून तेवढी उष्णता सहज होते. खालच्या कपाटात, भिंतीपासून थोडे सोडून, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. आडव्या एकावर एक रचल्या तर खालच्या वाकतात, आणि वाकलेल्या तबकडीची सुई दर फेरीला एकदा उडी मारते.